मधली ओळ

कायद्यानं दरवर्षी एक माणूस शोधावा लागतो.
नाव छापायचं नाही, फक्त पगार.
मोठ्या साहेबांना बाजूला बसवायचं,
बाकी सगळ्यांना चढत्या क्रमानं उभं करायचं
आणि बरोबर मधल्याच्या खांद्यावर हात ठेवायचा.
त्याला मध्यक म्हणतात.
शाळेच्या पुस्तकात तो सरासरी आणि बहुलकाच्या मध्ये
अंग चोरून बसलेला असतो.

फीनिक्सच्या मुख्य कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
फेब्रुवारीत ही रांग मी लावतो.
दोन हजार एक्केचाळीस नावं.
वेल्डिंग शिकवणारे, डिझेल इंजिन उघडून दाखवणारे,
पोरांना फोन करकरून भरती करणारे,
रात्री कार्यशाळेतला लोखंडाचा कीस झाडणारे.
एक हजार एकविसाव्या ओळीवर बोट थांबलं:
लुएला क्रॅबट्री, टोलेडो, वेल्डिंग, संध्याकाळची तुकडी.
बावन्न हजार चारशे सोळा डॉलर.

तो आकडा मी साहेबांच्या आकड्याखाली मांडला.
बासष्ट लाख एकोणनव्वद हजार नऊशे वीस.
एकशेवीस वेळा गेला.
बाकी शून्य.
मी पुन्हा करून पाहिलं.
इतका गोमटा भागाकार
पाचवीनंतर माझ्या हातून झाला नव्हता.

पुस्तिका एप्रिलमध्ये छापून आली.
साहेबांना एकोणतीस पानं.
कोणत्या अठरा कंपन्यांकडे बघून पगार ठरवला, त्यांची यादी
(त्या अठरा जणी आमच्याकडे बघून ठरवतात).
नफ्याचं उद्दिष्ट हुकलं होतं,
तेव्हा समितीनं उद्दिष्टालाच जरा खाली उतरायला सांगितलं.
संचालक नऊ, वर्षात बैठका सहा,
प्रत्येकाला रोख निराळं, शेअर निराळे,
आणि समितीचं अध्यक्षपद असेल तर त्या खुर्चीचंही निराळं.
तळटीप सात, बारीक अक्षरात, शीर्षक 'इतर लाभ':
घराची राखण, कर भरून देणारा सल्लागार, खाजगी विमानप्रवास.

लुएलाला साडेचार ओळी.
त्यातल्या तीन, तिला कसं शोधलं याच्या.

मेमध्ये सभा झाली, पडद्यावर.
अकरा मिनिटं.
त्र्याण्णव टक्के मतं पगाराच्या बाजूनं.
ही मतं कुणावर बंधनकारक नाहीत, हे मतपत्रिकेवरच लिहिलेलं.
कर्मचारी-योजनेतले बारा शेअर लुएलाच्याही नावावर आहेत.
तिनं काय मत दिलं ते मला दिसत नाही.
तिचं बाकी सगळं दिसतं.

जूनमध्ये तिचा फोन आला. नेमका मीच उचलला.
आवाज घोगरा, मागं ग्राइंडर चाललेला.
ऑस्कर विलेगास नावाच्या पोराचे हातमोजे जळाले म्हणाली,
फी कर्जातली, नव्या जोडीला खिशात काही नाही,
उघड्या हातानं त्याला ठिणग्यांपुढं उभं करू का?
म्हणून तिनं आणून दिले.
सदतीस डॉलर चाळीस सेंट. पावती जोडली होती.
अर्ज परत आला:
विद्यार्थ्याचं साहित्य ही विद्यार्थ्याची जबाबदारी.

मला सांगावंसं वाटलं,
बाई, तराजूचा काटा तुम्ही आहात.
एक हजार वीस माणसं वर, एक हजार वीस खाली,
आणि तुम्हाला एक डॉलर जास्त मिळाला असता
तर माझा भागाकार बिघडला असता.
पण नाव सांगायला मनाई आहे.
मी म्हटलं, "थांबा हं, बघतो."

अर्ज पुन्हा उघडला.
संगणकानं विचारलं, खर्चाचा प्रकार कोणता?
यादीत प्रवास होता, छपाई होती, पाहुणचार होता.
हातमोजे नव्हते.
सगळ्यात शेवटी होतं 'इतर लाभ'.

तेच टिचकावलं.
पलीकडं ग्राइंडर बंद झाला.
"कधीपर्यंत जमा होतील?"
"शुक्रवारी," मी म्हटलं.

सदतीस डॉलर चाळीस सेंट.
पुढच्या फेब्रुवारीत
बाकी उरेल.