गिरक्या

कारूच्या त्या माळावर मोबाईलला बंदी आहे.
तबकड्या आभाळाला कान देऊन बसल्यात,
आणि कुंपणाबाहेर काट्रिना स्लिंगर्सची मेंढी
सकाळपासून नुसती डावीकडे वळतेय.

परवाच लिंडेल्वा सांगत होती, कॉफी फुंकत:
दीर्घिकेच्या कडेचे तारे
इतक्या जोरात फिरूच नयेत.
आत काहीतरी आहे. वजन आहे त्याला. दिसत नाही.
काट्रिनाने ऐकून घेतलं,
शेजारणीचं दुखणं ऐकावं तसं.

आज ती मेंढीला गुडघ्यांत धरते,
अंगठ्याने कवटी चाचपते.
डाव्या बाजूला एका जागी
हाड पुठ्ठ्यासारखं दबतं.
“हे बघ. पाण्याची पिशवी असते आत,
पिशवीत साबुदाण्याएवढी किड्यांची डोकी.
कुत्र्याच्या पोटातून गवतावर, गवतातून इथे.”

लिंडेल्वा बोट ठेवते.
अकरा वर्षांत पहिल्यांदा
तिच्या हाताला काही लागतं.

संध्याकाळी मुंडकं खोल पुरलं, वर धोंडा.
वाख्टर धोंड्याभोवती फिरतोय, नाक मातीत.
एक फेरी.
अजून एक.
काट्रिना हाक मारते.
त्याची शेपूट हलते तिच्याकडे, पाय नाहीत.