बोलावणारे : शून्य

वसमत रोडला, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर
पत्र्याच्या खोलीत, दर रविवारी आम्ही पाच जण.
खालून वॉर्निशचा वास,
वर कूलरमध्ये पाणी कुणी भरायचं
यावर पहिला अर्धा तास.

मग स्मॉलटॉक.
दत्तहरी नवख्याला सांगतो तसं सांगायचं तर
आतलं सगळं जितं असतं :
आकडा, खिडकी, मोंढ्यातल्या वजनकाट्याची पावती.
कुणी कुणाला हुकूम सोडत नाही, निरोप धाडतं.
ज्याला निरोप कळला नाही
तो सरळ सांगतो, कळला नाही,
आणि सगळं जागच्या जागी थांबतं.
पडत नाही, थांबतं.
आपण आत शिरायचं, चुकलेलं नीट करायचं,
म्हणायचं, हं, चल पुढं.
नौशाद म्हणतो, माणसांत ही सोय पाहिजे होती.
दर रविवारी म्हणतो.

त्या दिवशी विषय निघाला सफाईचा.
गंगासागरचं म्हणणं, बारा वर्षांचा पसारा झालाय,
शोधायची खिडकी उघडेस्तोवर चहा येतो.
मुंजा म्हणाला, चहा लवकर येतो.

उपसता उपसता सापडली एक मेथड.
सहा ओळी. खाली आद्याक्षरं : प्र. क.
वर टीप : ‘हे का आहे ते नंतर लिहीन.’
नंतर प्रयाग हैदराबादला गेली,
नंतर तिचा नंबर लागेना.
यंत्राला विचारलं, हिला कोण बोलावतं?
उत्तर आलं,
बोलावणारे : शून्य.

राहू द्या की, मुंजा म्हणाला, काय खायलीय का ती?
असंच म्हणून म्हणून घराची वखार होती, गंगासागर.
हात वर करा, दत्तहरी.
मी केला. काढायच्या बाजूनं.
हे लिहून ठेवतो, कारण पुढं जो तो म्हणाला
मी नव्हतो.
नौशादनं ‘बनी तो बनी’ म्हणत बटण दाबलं.
त्याच्या पुढचं आम्ही परभणीत सहसा म्हणत नाही.

बुधवारी मोंढ्यातून फोन. आडत्याचा.
‘माझ्या नावाला काय केलंत?’
पावतीवर कऱ्हाळेचं कर्हाळे झालं होतं.
एवढंच. वजन बरोबर, भाव बरोबर,
फक्त नावाच्या डोक्यावर विळा.

रात्री आत शिरून पाहिलं.
तिचं नाव सबंध कुठंच लिहिलेलं नव्हतं.
पावती छापताना, अक्षर बघून,
तुकड्याला तुकडा जोडून
ऐन वेळी तिला हाक जायची.
अशी हाक शोधणाऱ्याला दिसत नाही.
आणि ‘कळलं नाही’ हे सांगणंच
मोंढ्यातल्या यंत्रात आम्ही बंद केलं होतं,
गिऱ्हाइकाला कशाला तरास म्हणून.

खोडलेलंही फायलीत राहतं, तारखेसकट.
काढली, पुन्हा बसवली, सहाच्या सहा ओळी.
आडत्याला फोन केला, झालं म्हणून.
‘पोरीनं खास करून दिलं होतं,’ ते म्हणाले.
कुठल्या पोरीनं?
‘माझ्या.’
मी विचारलं, तिचा नंबर आहे का तुमच्याकडं.
पलीकडं हमाल पोती मोजत होता,
एकवीस, बावीस.
‘तेच तुम्हाला विचारणार होतो,’ ते म्हणाले.

पुढच्या रविवारी टिपेचा विषय निघाला.
कारण आता ठाऊक होतं,
लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या.
कुणी कीबोर्डाला हात लावला नाही.
‘नंतर लिहीन’ तसंच राहिलं,
तिचं वाक्य आहे, ती बघेल.

गंगासागरनं दुसरंच काढलं :
शोधायच्या खिडकीत ‘शून्य’ लिहिणं खोटं आहे.
तिथं ‘आम्हाला दिसले नाहीत’ असं यावं.
यावर वाद झाला नाही.
वाद झाला, एवढं वाक्य त्या चौकटीत मावंना यावर.
दत्तहरी अक्षर बारीक करू म्हणाला,
मुंजा म्हणाला, चौकट वाढवा,
आणि कूलर कोरडाच फिरत होता.