कलम

इसिक-कुलच्या शाळेत तीन वर्षं
फळ्यावर खडूचं झाड.
जारलिकनं वहीत उतरवलं,
खोडाला बाण, बाणाला नाव. पास.
कलम म्हणजे परीक्षेतलं निळं पेन.

नव्या बाई, तोक्तोबुबू,
पहिल्याच दिवशी वर्गाला कुलूप लावून बाहेर आल्या.
एप्रिल. डोंगरावर अजून बर्फ,
बागेत सफरचंदाचे रानटी खुंट.
प्रत्येकाच्या हाती चाकू
आणि सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी.

पहिला काप वाकडा. दुसराही.
तिसऱ्यात बोट कापलं.
‘साल सालीला भिडू दे,’
एवढंच म्हणाल्या.

रशियाला मजूर नेणारी बस सहाला सुटते.
दोन्ही भाऊ तिनंच गेले.
जारलिकही आज सहालाच उठला,
बागेत गेला.
पट्टी सोडून पाहिली नाही,
पाहायची नसते.

टोकाशी
उंदराच्या कानाएवढं
हिरवं.