फाटा

नऊ-क वरच्या माणसाने
पाण्याच्या बाटलीत पाणी आणलं नव्हतं.
गोव्यात, दारातच, काजूचा तो आंबूस वास मला आला होता.
पण पाय सरळ पडत होते,
आणि मागे शिडीखाली चाळीस माणसं उन्हात उभी.
कळलेलं सांगायचं राहून गेलं.
हे मी फॉर्मवर लिहिणार नाही. इथे लिहिते.

ढगांच्या वर आल्यावर सुपडूशेठ उभे राहिले.
बेल्टचा दिवा लागलेला.
सोबतचे चौघे, केळीचे व्यापारी, हसत होते:
बस रे सुपडू, पडशील अजिंठ्याच्या घाटात.
सुपडूशेठना खिडकी उघडून हवी होती.
मग गाणं म्हणायचं होतं.
मग पुढच्या बाईच्या सीटला लाथ.
मग माझं मनगट.

प्रशिक्षणात तीन पायऱ्या शिकवतात:
आवाज, ताकीद, पट्टे.
पट्टे वरच्या कप्प्यात असतात, पांढरे, प्लास्टिकचे,
कापसाच्या गाठीला आवळतात तसे आवळायचे.
चेहऱ्यावरचं हसू नेमकं कुठल्या पायरीवर काढायचं,
ते कुणी सांगितलं नाही.

माझे अण्णा चोपडा डेपोचे. बत्तीस वर्षं कंडक्टर.
रात्रीची शिरपूर मुक्कामी.
बाजाराच्या दिवशी प्यालेला कुणी चढला
की त्याला पुढे बसवायचे,
पार्सलचं एक खोकं मांडीवर द्यायचे:
सांभाळ, काच आहे.
काच कधीच नसायची.
माणूस शिरपूरपर्यंत श्वास धरून बसायचा.

मी सुपडूशेठना रिकामा ट्रे धरायला दिला.
त्यांनी तो डोक्यावर घेतला, टोपीसारखा.
चौघांनी मोबाइल काढले.

हिंदी संपली होती, इंग्रजी कधीच.
पुस्तकातली मराठीही संपली.
मग जी बोली मी मुलाखतीच्या दिवशी
घरी ठेवून आले होते, ती तोंडात आली:
हात सोड भाऊ. खाले बठ.
तुनी माय वाट दखी राहिनी व्हई.

हात सैल झाला. डोळे वर आले.
तू कोननी पोर शे व?

छातीवरच्या पाटीवर नुसतं हेमांगी आहे.
बापाचं नाव कंपनी लावत नाही.
मी म्हटलं, निंबा कंडक्टरनी.

ते बसले.
बेल्ट मी लावला.
माफी नाही, रडणं नाही. घोरायला लागले.

अण्णांनी एकदाच मध्ये घंटीची दोरी ओढली होती.
अनेरच्या पुलाअलीकडचा फाटा, पौष, रात्रीचे साडेदहा.
त्याने एका बाईच्या अंगावर हात टाकला होता.
उतरवला. गाडीने टाळ्या वाजवल्या.
दुसऱ्या दिवशी परतताना
कुणी चढणार नव्हतं तरी अण्णांनी तिथे गाडी थांबवली.
एक चप्पल पडली होती.
चप्पल कुणाचीही असू शकते.
त्या भागातलं कुणी भेटलं की अजून विचारायला जातात,
आणि नाव माहीत नाही म्हणून
पाऊसपाण्याचं बोलून परत येतात.

आकाशात फाटा नसतो.
ज्याला वर नेलं त्याला सोबत घेऊनच उतरायचं.

तापीचं वळण दिसलं, केळीचे गडद चौकोन,
मग जळगावची छोटीशी धावपट्टी
आणि शिडीशी दोन पोलीस.
ओळख निघाली होती. तरी मी बोट दाखवलं:
नऊ-क.
मनगटावर त्यांच्या अंगठीचा वळ होता,
गणपतीच्या सोंडेसह.

जाताना शेठ वळले.
निंबाभाऊले रामराम सांगजो.

रात्री फोनवर मी रामराम सांगितला, मग बाकीचं सगळं.
वळाचं सोडून.
अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत.
मागे आईने कुकर उतरवल्याचा आवाज आला.
मग म्हणाले,
घरी पोचला ना पण तो?