एकवीसच्या आत

निनाद म्हणाला, आत्या, आधी रमी विसर.
मेंढीकोटही विसर.
इथे जोडीदार नाही, हुकूम नाही,
फक्त बेरीज.

जेल रोडला दुसऱ्या मजल्यावर, जानेवारीचं ऊन
गॅलरीतल्या रजईतून गाळून आत येत होतं.
त्याने सतरंजीवर एका हाताने पत्ते पसरले
पंख्यासारखे, कड कुठेही न मोडता,
आणि मध्ये ठेवली वाटी,
पिंपळगावच्या जावेने पाठवलेल्या बेदाण्यांची.
हे तुझे पैसे. खायचे नाहीत.
मी एक खाल्ला.

राजा दहा, राणी दहा, गुलामही दहा.
म्हटलं, बरंय हे,
आमच्या खात्यात असं कधी झालं नाही.
एक्का एक किंवा अकरा, जसा सोयीचा पडेल तसा.
म्हणजे तुझे काका.
घरात अकरा, साहेबापुढे एक.
तो हसला नाही.
पत्ते हातात असले की त्याला हसायची सवय नाही.
मांडवीतल्या जहाजावर रात्रभर वाटतो तो,
चार वर्षं झाली.

मला दोन पत्ते, उघडे.
त्याला दोन, एक उघडा, एक पालथा.
अजून हवा तर बोटाने टकटक.
पुरे असेल तर हात आडवा फिरवायचा,
ताटावर फिरवतो तसा, नको वाढू म्हणताना.
बोलायचं नाही. वर कॅमेरा असतो,
त्याला हात दिसतात.

पहिल्याच डावाला नऊ आणि सात.
त्याच्यापुढे राणी.
टकटक. आला सहा.
बावीस. फुटलीस, म्हणाला,
आणि दोन बेदाणे ओढून घेतले.
अरे, पण तुझा पालथा तरी दाखव!
तुझं संपलं आत्या,
माझं बघून काय करणार?

दुसऱ्यात अठराला अठरा.
ज्याचे त्याला परत, भांडण नाही.
पळशाच्या जमिनीत एवढं जमलं असतं
तर त्याचे वडील आणि मी
अकरा वर्षं अबोला धरून बसलो नसतो.
हे मी बोलले नाही. पत्ते पिसून झाले होते.

मग त्याने स्वतःचा नियम सांगितला.
सोळापर्यंत घ्यायचाच.
सतराला थांबायचंच.
समोर कोणी मधुचंद्राला आलेलं असो
की परवापासून न झोपलेलं,
मला ठरवायचं नसतं काही.
त्याचाच तर पगार.

हे मात्र मला बेरजेआधी कळलं.
चौतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात
कोरे कागद डोळ्यांखालून गेले माझ्या.
शाई फिकी, बाजूला.
नंबर सरकलेला, बाजूला.
बाकी पुढे, पुढे.
किती कोटी, विचारू नकोस,
बेरीज आमच्याकडे नव्हती.

पुढच्या डावाला मला बारा, त्याच्यापुढे सहा.
हात टकटकीसाठी गेला, तो नुसता बघत राहिला.
मग म्हणाला, सहा दिसला की बाराला पण थांब.
मला घ्यावाच लागणार आहे. मला फुटू दे.
मी ताटावरून हात फिरवला.
त्याने पालथा उलटला, दहा. सोळा.
घ्यावाच लागला. नऊ.
माझे दोन मला, वर दोन त्याचे,
आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच नाही,
जसं कुणी दुसऱ्याचंच गेलं.

तेवढ्यात फोन वाजला, गोव्याचा.
पुढचे पत्ते वाटून झाले होते.
उठता उठता त्याने टाळी वाजवली, हलकी,
दोन्ही पंजे उघडले, सुलटे, पालथे,
छताकडे दाखवले
आणि बोलत बोलत आत गेला.
त्याला कळलंही नसावं.

मला कळलं.
संध्याकाळचा भोंगा, गेटवरची रांग,
झडती घेणाऱ्या बाईपुढे पसरलेले हात,
डबा उघडा, पदर झटकलेला.
तिची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात होती,
तरी रोज. रोज.

मालगाडी गेली, वाटी थोडी थरथरली.
मला तेरा. त्याच्यापुढे सत्ता
आणि शेजारी तो पालथा.
वर नुसता पंखा, तोही बंद.

मी माझे पंजे उघडून पाहिले.
बोटं चिकट होती.
वाटीत सात बेदाणे कमी.