मुशीचं अक्षर

विम्याचा कागद शोधताना तात्यांची वही निघाली,
बडाबाजारची, एक्क्याऐंशी सालची.
तोळे, घट, तेजाबाचा खर्च
आणि गिऱ्हाइकाचं नाव.
एकाच ओळीत नाव नाही.
तिथं बॉलपेननं दोनदा गिरवलेलं

Ս

तात्यांची शाळा सातवीपर्यंत.
बंगाली पाट्या वर्षभरात वाचायला लागले होते,
पण हे वाचलेलं नव्हतं.
बघून उतरवलेलं.

आई म्हणाली, ती आर्मानी बाई.
सहा चमचे घेऊन आलेली, चांदीचे,
दांडीवर सगळ्यांच्या हेच.
नाव दोनदा सांगितलं तिनं,
तुझ्या बापाच्या जिभेवर बसंना.
म्हणाले, बाई, राहू दे, हेच लिहितो.

पाच वितळले.
सहावा सांडशीत धरला आणि भाता थांबला.
"च्यायला, ही तर मूसच काढलीय.
मुशीत मूस कशी घालायची?"
पैसे मात्र सहाचेच दिले.

दसऱ्याला तो विट्याला आला
कोटाच्या आतल्या खिशातनं.
पौषात मी झाले.
घुटी त्यानंच चाटली म्हणे, आणि नंतर
नाचणीची खीर, आणि कडू औषधं.
दांडी आता माझ्या अंगठ्याजवळ झिजलीय.

भाच्यानं, शर्विलनं, मोबाइलवर तक्ता काढला.
"मावशी, हा 'स'."
मग चमचा त्याच्या बोटांत फिरला.
"थांब. असा धरला तर 'वो'.
त्यांच्यात सोन्याला वोस्की म्हणतात, बघ,
हेच अक्षर पहिलं."
चांदीवर सोन्याचं अक्षर!
तात्या असते तर कस लावून बघितला असता.

मी तो घेऊन ओट्याशी उभी राहिले.
असा: भरलेली मूस.
असा: ओतून उपडी केलेली.
खरं कुठलं, ते आता कुणाला विचारायचं?
त्या बाईच्या नावात आधी काय होतं?
वहीत तात्यांनी मूस उभी काढली,
पण ते गलाईवाले, त्यांना ती उभीच दिसणार.

आई दारात बसून शेंगा फोडत होती.
म्हणाली, अगं, भरवताना
माझ्या बाजूनं एक दिसायचं,
तुझ्या बाजूनं दुसरं.
तू आ करायचीस,
मी तुला नावानं हाक मारायचे,

आणि तू, दात नसलेल्या तोंडानं,
खीर सांडत
ओ द्यायचीस.