पोहोच

एकतीस वर्षं मी टपाल लावलं.
व्हाइटहॉर्स वरच्या खणात, प्रिन्स रूपर्ट त्याखाली,
मूस जॉ तर हात न बघताच टाकायचा.
गावं मला अक्षरांवरून ठाऊक,
कुठले लोक शाई सांडतात,
कुठले तिकीट तिरकं चिकटवतात.

ओरेस्टनं तेवढेच हिवाळे बर्फ ढकलला,
सरकारी गाडीनं, अठ्ठावन्न किलोमीटर जा, अठ्ठावन्न ये.
हिशोब केला तर पृथ्वीला कितीतरी फेऱ्या,
आणि गेला कुठंच नाही.
पहाटे चारला रेडिओवर त्याचा आवाज यायचा,
"अठ्ठावन्नपर्यंत रस्ता मोकळा आहे."
तो ऐकून मी कूस बदलायचे.

जुलैच्या चार तारखेला निघालो.
किल्ली शेजारच्या डोरीनकडे, टोमॅटोही तिच्याच हवाली.
"सात आठवडे गाडीत दोघंच?" ती म्हणाली,
जणू घरात आम्ही चौघं होतो.

अल्बर्टा येईपर्यंत तो रस्त्याच्या कडाच बघत होता.
इथं वारा बर्फ आणून टाकत असणार,
या पुलावर काच धरत असणार,
बाहेर तेहेतीस अंश.
मी म्हटलं, अरे, कनोला फुललाय, क्षितिजापर्यंत हळद.
म्हणाला, हो, छान आहे,
आणि पुन्हा खांब मोजायला लागला.

डोंगर आले तेव्हा मी गप्प झाले.
उंच म्हणजे धान्याची कोठी, अशा गावात वाढलेली मी.
इतकं काही उभं असतं
ते पाकिटांवरून कळत नाही.

स्मिदर्सला भांडलो.
चुकलेल्या वळणावरून सुरू झालं ते थेट अठ्ठ्याऐंशी सालापर्यंत गेलं.
मग बराच वेळ नुसता टायरचा आवाज.
मग त्यानं एक उकडलेलं अंडं सोलून
मीठ लावून माझ्यापुढे धरलं.

प्रत्येक गावातून मी एक कार्ड टाकलं,
आमच्याच पत्त्यावर. शिक्का कसा उमटतो बघायला.
वॉटसन लेकच्या खिडकीतली पोरगी
पार्सलांच्या गठ्ठ्यात पत्रं कोंबत होती.
पाच मिनिटं सरक गं बाई, अगदी ओठांवर आलं.
तिकिटं घेतली आणि निघाले.

युकॉनमध्ये रात्र येईचना.
अकरा वाजता घडीच्या खुर्चीत, डास मारत, ओरेस्ट म्हणाला,
"अंधारच पडत नाही,
मग इथं माणसाचं काम संपलं हे ठरवतं कोण?"
मला उत्तर आलं नाही.
आम्ही खिडक्यांना टॉवेल लावून झोपलो.

डॉसनला "तेल बघून येतो" म्हणून गेला
तो तासाभरानं आला.
बोटाला काळं होतं. वाटलं, तेलाचंच.

घरी पोचलो तेव्हा नऊ हजार चारशे बारा किलोमीटर झाले होते.
शेगडीवरचं घड्याळ बारा वाजून लुकलुकत होतं,
वीज कधी गेली, कधी आली, कुणाला ठाऊक.
बादलीभर टोमॅटो, खालचे मऊ पडलेले.
आणि टपालाच्या ढिगात माझी चौदा कार्डं.
मी ती टेबलावर लावली, तारखेनं.
वाचताना वाटलं, ही बाई मजेत दिसते,
हिला एकदा भेटायला हवं.

सप्टेंबर अर्धा सरल्यावर पंधरावं आलं.
शिक्का डॉसनचा.
अक्षर माझं नव्हे,
गाडीच्या नोंदवहीतल्यासारखं, एकेक सुटं, दाबून लिहिलेलं.
"व्हर्ना, इथपर्यंत रस्ता मोकळा आहे."
तिकीट तिरकं.

बाहेर तो बंपरवरचे युकॉनचे डास खरवडतोय,
अजून निघत नाहीत म्हणून डोरीनला सांगतोय.
मी कार्ड हातात धरून उभी आहे,
कुठल्या खणात टाकायचं
सुचत नाही.